पाळीव कुत्र्यांची नसबंदी: सक्ती कोणावर?

पाळीव जनावराची नसबंदी ही मालकाची जबाबदारी असल्याचे ‘प्राणी प्रजनन नियंत्रण नियम २०२३’ सांगतात. भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण स्थानिक संस्थेने करायचे आहे. पालिकेला त्यासाठी रोज जाब विचारला जातो. मालकाच्या दारात मात्र कोणी चौकशीला येत नाही.

सातारा असो वा सांगली-मिरज-कुपवाड, गल्लीतले कुत्रे पकडायचे, शस्त्रक्रिया करायची, कानाला खूण करायची आणि उचलले तिथेच सोडायचे, ही ठरलेली पद्धत. त्याच गल्लीत बंगल्याच्या फाटकातून रात्री मोकळी सुटणारी मादी माजावर येते. वर्षातून साधारण दोनदा माज, सुमारे ६३ दिवसांचा गर्भकाळ, एका वेताला चार-सहा पिल्ले. नर पिल्लांना घर मिळते. मादी पिल्ले पोत्यात घालून बाजारात किंवा घाटाच्या वळणावर सोडली जातात. पालिकेने खर्चून कमी केलेली संख्या अशी पुन्हा भरून निघते. म्हणून शहरी हद्दीत मोकळ्या सुटणाऱ्या पाळीव कुत्र्यामांजरांची नसबंदी कायद्याने सक्तीची व्हायलाच हवी.

सरसकट सक्ती मात्र चुकीची ठरेल. केंद्राने १२ मार्च २०२४ च्या परिपत्रकात २३ जातींवर बंदी घालून, आधीच पाळलेल्या कुत्र्यांची नसबंदी करायला सांगितले होते. संबंधितांचे म्हणणे ऐकलेच नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते महिनाभरात रद्द केले. जत, आटपाडीच्या माळावर मेंढरांची राखण करणारी कुत्री आणि दक्षिण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली करवानी जातीची कुत्री यांचा वंश सरसकट सक्तीत संपेल. लॉस एंजेलिस शहराने २००८ साली चार महिन्यांवरील कुत्र्यामांजरांची नसबंदी सक्तीची करतानाही परवानाधारक पैदासकारांना सूट दिलीच होती. आपल्याकडे कुत्र्यांच्या पैदाशीविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार पैदासकाराला नोंदणी बंधनकारक आहे, आणि एका मादीची आयुष्यभरात पाचपेक्षा जास्त वेते घेता येत नाहीत. सूट अशा नोंदणीवाल्यांना आणि मेंढपाळांना द्यावी.

शस्त्रक्रियेला विरोध निसर्गाच्या नावाने होतो. बैल खच्ची करणे ज्या शिवारात नित्याचे, तिथे हा आक्षेप टिकणारा नाही. खरी अडचण खर्चाची. मादीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते. भूल, टाके आणि नंतरची देखभाल आलीच. मजुरी करणाऱ्या घराला हे झेपत नाही. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्यांना सरकारी दवाखाने आहेत. त्यांच्यामार्फत मोफत शिबिरे घ्यावीत, पालिकेने कुत्र्याचा परवाना देताना शस्त्रक्रियेचा दाखला मागावा, आणि दंडाची आकारणी प्रत्येक प्रभागात निदान एक शिबिर झाल्यानंतरच सुरू करावी.