पिटातल्या पोरांनो, पडद्याकडं हिशेब मागा

माणूस सिनेमाच्या प्रेमात पहिल्यांदा कसा पडतो, याची एक अधिकृत गोष्ट आपल्याकडं आहे. १९१०-११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट बघायला बसले. पडद्यावर ख्रिस्त, आणि यांच्या डोळ्यांपुढं राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या. आपले देव पडद्यावर कधी येणार? या ध्यासानं माणूस वेडा झाला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायतेला गेला, कॅमेरा घेऊन आला. बाईचं काम करायला बाई मिळेना, तर हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना तारामती केलं. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

त्या जिद्दीला माझा सलाम. पण हरिश्चंद्राची गोष्ट जरा नीट ऐका. राज्य गेलं, बायको-पोर विकलं, आणि सगळ्यात शेवटी राजा स्मशानात डोंबाचा नोकर झाला. डोंबाघरी राबणं म्हणजे दुःखाचा तळ! मग देव प्रसन्न होतात, राजाचं सगळं परत मिळतं. आणि डोंबाला काय मिळतं? पिढ्यानपिढ्या मढी जाळणाऱ्याला कोणता देव प्रसन्न होतो? मार्कंडेय पुराणात तर तो डोंबसुद्धा खरा नाही, वेश पालटून आलेला धर्मदेव आहे. म्हणजे आपलं रोजचं जगणं ही त्यांच्या नायकाची परीक्षा, आणि त्या परीक्षेतली आपली जागासुद्धा देवानंच बळकावलेली. भारताचा पहिला मोठा कथापट या गोष्टीवर उभा आहे. फाळक्यांना पडद्यावर त्यांचे देव दिसले. आपल्याला काय दिसलं?

आता आपली गोष्ट. ती कुणी लिहिली नाही. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्याच्या महारवाड्या-मांगवाड्यांतून पोरं पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन नागसेनवनात आली. गावाकडं जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. माझा बाप सांगायचा, तंबूत गाव मधोमध बसायचं आणि आपली माणसं कडेला. अंधार झाला तरी जागा बदलायची नाही. तीच पोरं शहरात मेसचे पैसे वाचवून टॉकीजच्या खिडकीपुढं उभी राहिली. खिडकीतल्या हातानं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. पैसे घेतले, तिकीट फाडलं, विषय संपला.

आत पिटात बाकावर डाव्या हाताला कोण, उजव्या हाताला कोण, पत्ता नाही. खांद्याला खांदा घासतोय आणि कुणी आंघोळीला पळत नाही. वर बाल्कनी होती, तिथं पैसेवाले होते, हे खरं. पण ते पैशानं वर होते, जन्मानं नाही. माणूस सिनेमाच्या प्रेमात पडतो तो नट-नटीमुळं, असं आपल्याला सांगितलं जातं. आपला माणूस पडला तो त्या अंधारामुळं. तीन तास आपल्याला कुणी ओळखत नाही, हे सुख त्याला आयुष्यात पहिल्यांदा तिथं मिळालं. ज्याला कधी आडनाव गिळावं लागलं नाही, त्याला हे सुख कळायचं नाही.

मोहन, अंजली, सादिया, अंबा-अप्सरा ही या शहरातल्या टॉकीजची नावं माझ्या पिढीला शाळेतल्या धड्यांपेक्षा जास्त पाठ. आणि वस्तीतला व्हिडिओ! १४ एप्रिलची मिरवणूक संपली की वर्गणी काढून भाड्यानं टीव्ही-व्हीसीआर आणायचा, टेबलावर ठेवायचा, रात्रभर तीन-चार पिक्चर. म्हाताऱ्या गोधडी पांघरून पुढं, पोरं पत्र्यावर.

म्हणून मला राग येतो. एका चर्चेत एक सुसंस्कृत सद्गृहस्थ म्हणाले, 'शिट्ट्या मारणाऱ्यांना सिनेमा कळत नाही, अभिरुची घडवावी लागते.' च्यायला, घडवा की! पण शिट्टी म्हणजे काय ते आधी समजून घ्या. दिवसभर मुकादमापुढं तोंड बंद ठेवलेल्या माणसाचा तो आवाज आहे. पडद्यावर सावकाराच्या कानाखाली बसली की पिटात शिट्टी वाजते. तुमच्या रसग्रहणात हा मुद्दा कुठं बसतो?

पण दोस्तहो, पांढरपेशांना शिव्या घालून आपलं काम संपत नाही. आपण ज्याच्यावर जीव टाकला, त्या पडद्यानं आपल्याला काय परत दिलं, हा हिशेब मांडायलाच पाहिजे.

१९३६ चा 'अछूत कन्या'. अस्पृश्य पोरगी ब्राह्मण पोरावर प्रेम करते आणि शेवटी रेल्वेखाली मरते. १९५९ चा 'सुजाता'. अस्पृश्य पोरीला घरात लेक म्हणून जागा मिळते, पण कधी? तिचं रक्त मालकिणीच्या अंगात गेल्यावर. म्हणजे मरा, नाहीतर रक्त द्या, मग डोळे पुसू. त्रिवेंद्रमला १९३० च्या आसपास केरळचा पहिला सिनेमा 'विगतकुमारन' लागला. पी. के. रोझी या दलित बाईनं त्यात नायर बाईचं काम केलं होतं. सवर्णांनी पडद्यावर दगड मारले, तिचं घर जाळलं. ती तमिळ मुलखात पळाली, पुन्हा पडद्यावर कधी आली नाही. पडद्यावर प्रेम करायला आपल्याला मुभा होती. पडद्यावर जायला नव्हती.

आणि आपल्या मराठवाड्यात? २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावंच्या गावं पेटली. वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळेंचा जीव घेतला. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. ही सोळा वर्षं आपली माणसं तिकीट काढतच होती. त्या वर्षांतल्या कुठल्या गाजलेल्या मराठी पिक्चरमध्ये ही आग दिसली? मला तरी दिसली नाही. आपल्या घरावर पत्रा नव्हता, तरी आपण त्यांच्या सिनेमांना ज्युबिल्या करून दिल्या.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. मी म्हणतो, तोच इशारा टॉकीजच्या दारावर लावा. प्रेम करा, भक्ती करू नका. कटआउटला दूध घालणारा आपला पोरगा घरी धाकट्या भावाला दूध मिळतं का, हे विचारत नसेल, तर त्याची शिट्टी फुकट गेली.

करमाळ्याकडच्या जेऊरच्या नागराज मंजुळेनं हा हिशेब मागितला. 'फँड्री' २०१४ ला लागला. डुक्कर बांधून पोरं चाललीत आणि मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई, शाहू महाराज, गाडगेबाबा. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्या अंगावर येतो. 'सैराट' २०१६ ला आला, शंभर कोटींच्या वर गेला. गाण्यावर टॉकीजमध्ये पोरं नाचली, नाचू द्या. पण शेवटी रक्तात भिजलेली लेकराची पावलं दिसतात तेव्हा आवाज बंद होतो. त्या शांततेचं काय केलं आपण? वरातीत गाणं वाजवलं आणि पावलं विसरलो.

आज काय आहे? २०२३ मध्ये शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, जुन्या टॉकीज बहुतेक बंद पडल्या. पडदे मॉलमध्ये गेले. तिथल्या खिडकीवर अजूनही कुणी आडनाव विचारत नाही, कारण विचारायची गरजच उरली नाही. तिकिटाचा दरच सांगतो कोण आत, कोण बाहेर. मग वस्तीतलं पोरगं सिनेमाच्या प्रेमात पडतं ते मोबाइलवर, गोधडीत, एकटं. खांद्याला खांदा लागत नाही, शिट्टीला साथ मिळत नाही.

म्हणून सांगतो. प्रत्येक विहारात, समाजमंदिरात महिन्याला एक पडदा लावा. चादर चालेल. 'फँड्री' दाखवा, आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' दाखवा, त्यात रमाबाईनगरचा १९९७ चा गोळीबार आहे, शाहीर विलास घोगरे आहेत. 'अछूत कन्या'सुद्धा दाखवा, आणि दिवे लागल्यावर विचारा, ती का मेली? अजिंठा-वेरूळच्या नावानं या शहरात आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. भरावा, जोरात भरावा. त्याचे खेळ मुकुंदवाडीत, भीमनगर-भावसिंगपुऱ्यात मागून घ्या. भीक म्हणून नव्हे. अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात विश्वंतर जातक भिंतीभर रंगवलंय, तोच राजपुत्र प्रसंगामागून प्रसंग पुढं सरकतो. चित्रांतून गोष्ट सांगायची ही कला तथागताच्या माणसांनी या जिल्ह्यात दीड हजार वर्षांपूर्वी उभी केली. आपण सिनेमाच्या दारात पाहुणे नाही.

आणि हातातल्या मोबाइलला कॅमेरा आहे. नुसतं बघू नका. आपली गल्ली, आपली आई, आपला मुकादम टिपा. पहिला सिनेमा वाईट होईल. होऊ द्या. त्याला पहिली शिट्टी मी मारीन.

जयभीम!