उंबरठ्याच्या आतली चप्पल

करोल बागेतल्या त्या खोलीत शिरताना मी सवयीने बूट बाहेर काढले. काका खाटेवर बसले होते. मूळचे खानापूर तालुक्यातले, सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यापायी तरुणपणी दिल्लीत आलेले आणि इथेच राहिलेले. उजव्या चवड्याखालची जखम भरून सहा आठवडे झाले होते. व्यायामाचा कागद भिंतीवर चिकटवलेला. "सकाळ-संध्याकाळ करतात, एक दिवस चुकवत नाहीत," सूनबाई कौतुकाने म्हणाल्या. मग काकांनी करून दाखवले. भिंतीला दोन्ही तळहात टेकवले, उजवा पाय मागे नेला, गुडघा ताठ ठेवून पोटरी ताणली. पाय अनवाणी, खाली नागडी फरशी, आणि मागच्या पायाचा सगळा जोर नेमका त्या गुलाबी, कोवळ्या कातडीवर.

"काका, ती मापाची चप्पल कुठाय?"

"आहे की. कपाटावर ठेवलीय, पिशवीत. नवी आहे, बाहेर जायचं असलं की घालतो."

बाहेर ते महिन्यातून दोनदा जातात, तपासणीला. आणि भिंतीवरचा तो कागद माझ्याच हातचा होता.

या अंकाचा विषय मधुमेही पायाची जखम भरल्यानंतर घरी करायचे व्यायाम हा आहे. तज्ज्ञ मित्रांनी व्यायामांवर नेटके लिहिले आहे, ते पुढे आहेच. संपादकाला बोलायचे आहे ते 'घरी' या शब्दाबद्दल. तो शब्द आपण कागदावर फार सहज लिहितो.

नेदरलँड्समधला 2013 सालचा एक अभ्यास आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. तळपायाची जखम नुकतीच भरलेल्या 107 जणांना मापाचे बूट दिले, आणि ते खरोखर किती पावलांना पायात असतात हे यंत्राने मोजले. घराबाहेर 87 टक्के पावले बुटात पडत होती, घरात 61 टक्के. वर हे लोक घरातच जास्त चालत होते. म्हणजे जिथे पावले जास्त, तिथेच संरक्षण कमी. ही गत जिथे बूट घालून स्वयंपाकघरात जायला कोणाची हरकत नसते, त्या देशातली. आपल्याकडे पादत्राण उंबरठ्यावर उतरते. आत ओटा आहे, देवघर आहे, सासूबाई आहेत. आपले आकडे कोणी मोजलेच तर ते याहून बरे निघतील असे मला वाटत नाही.

त्याआधी 2003 मध्ये डेव्हिड आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी काढता येणारा वॉकर दिलेल्या रुग्णांवर अशीच गुपचूप नजर ठेवली होती. जखम उघडी असतानाही दिवसभरातल्या हालचालींपैकी फक्त 28 टक्के वॉकर घालून होत होत्या. पाय दुखत नसला की माणूस असाच वागतो. यात हट्टीपणा नाही, निष्काळजीपणाही नाही. आठवण करून देणारी वेदनाच गेलेली असते.

हे सर्वांत आधी नीट ओळखले ते आपल्याच देशात. पॉल ब्रँड 1914 साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत जन्मले आणि वेल्लोरला कुष्ठरोग्यांचे हातपाय दुरुस्त करता करता त्यांच्या लक्षात आले की पाय रोगाने झडत नाहीत. बधिर जागेवर रोजचाच साधा दाब पुन्हापुन्हा पडतो आणि त्याने ते फाटतात. पायाला प्लास्टर घालून भार वाटून दिला की वर्षानुवर्षांच्या जखमा भरत. 1966 मध्ये ते अमेरिकेत कारव्हिलला गेले, आणि कुष्ठरोग्यांच्या पायांवर शिकलेले हे शहाणपण मधुमेहींच्या पायांपर्यंत पोचले. आज आपण ज्याला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतो त्याची वाट अशी आपल्या दवाखान्यांतून गेलेली आहे. मऊ एमसीआर रबराची चप्पल हीसुद्धा कुष्ठरोगाच्या कामातूनच आलेली. दिसायला गरीब असल्यामुळे तिला मान नाही एवढेच.

आता व्यायामाकडे. आयडब्ल्यूजीडीएफ या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या 2023 च्या मार्गदर्शिकेत पाऊल आणि घोट्याच्या व्यायामांचा 8 ते 12 आठवड्यांचा कार्यक्रम सुचवला आहे, शक्यतो प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली. रोज साधारण 1000 पावले वाढवणे बहुधा सुरक्षित आहे असेही म्हटले आहे, योग्य पादत्राण घालून. पण या दोन्ही शिफारशी जोखीम 1 आणि 2 या गटांसाठी आहेत. ज्याला एकदा जखम होऊन गेली तो गट 3 मध्ये. म्हणजे आपले काका त्या वाक्यात बसतच नाहीत. मार्गदर्शिकेचा हवाला देऊन त्यांना कागद देणारे आपण हे वाक्य अर्धेच वाचतो. उघडी जखम व्यायामाने लवकर भरते, असे म्हणण्याइतका पुरावाही आज हाती नाही.

मग काकांना व्यायाम द्यायचाच नाही का? द्यायचा. बसून राहिलेल्या मधुमेहीचे काय होते ते आपण रोज पाहतो. मांड्या सुकतात, तोल जातो, साखर चढते. पण 'जखम भरली' आणि 'पाय बरा झाला' यांत मराठीने केलेला फरक वैद्यकातही खरा आहे. भरलेल्या जखमांपैकी सुमारे 40 टक्के वर्षभरात परततात, तीन वर्षांत जवळपास 60 टक्के. वरची कातडी मिटली तरी खालचा व्रण पक्का व्हायला महिने लागतात, आणि पूर्वीची ताकद त्याला कधीच येत नाही.

पोटरी ताणण्याचा व्यायाम मुळात चुकीचा नव्हता. मधुमेहात अकिलिस टेंडन आखडते, टाच लवकर उचलली जाते आणि चवडा भरडला जातो. सेंट लुईस इथल्या म्युलर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये 64 रुग्णांचा अभ्यास छापला. नुसत्या प्लास्टरने भरलेल्या जखमा सात महिन्यांत 59 टक्के जणांमध्ये परतल्या. प्लास्टरबरोबर शस्त्रक्रियेने टेंडनही लांबवले त्यांच्यात 15 टक्के. दोन वर्षांनी हेच आकडे 81 आणि 38 झाले. ताणाच्या व्यायामाने शस्त्रक्रियेइतके साधते असा याचा अर्थ मुळीच नाही. पण घोटा मोकळा हवा, एवढे त्यातून दिसते. चूक होती ती पद्धतीत. हाच ताण खाटेवर पाय लांब करून, मोजा घालून, रुंद पंचा पावलाभोवती घेऊन देता येतो. पंचा व्रणावर घासणार नाही एवढे पाहायचे. तसेच बोटांनी टॉवेल गोळा करण्याचे. पुस्तकात तो निरुपद्रवी दिसतो, पण चवड्याखालच्या व्रणाला घासणारा याहून चांगला उपाय शोधूनही सापडणार नाही. बसल्या बसल्या घोटा वरखाली करणे, गुडघा सरळ करून धरणे, आणि खुर्चीतून उठणे-बसणे, तेही चप्पल घालूनच, इथून सुरुवात करावी. पाऊल गरम होऊन सुजले असेल तर यातले काहीच नाही. तो शार्को नाही हे ठरेपर्यंत पाय टेकवायचाच नाही.

चालण्याबद्दल एक गोष्ट मात्र मला व्यायामांपेक्षा मोलाची वाटते. आर्मस्ट्राँग यांनीच 2004 मध्ये 100 जणांचे चालणे मोजले. त्यांतल्या 8 जणांना जखमा झाल्या. हे 8 जण इतरांहून कमी चालणारे होते! पण त्यांचे चालणे एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी फार वेगळे असे. आपल्या घरांत हे कसे दिसते ते सांगायला नको. अकरा महिने खाट, आणि मग गावची जत्रा किंवा पुतण्याचे लग्न, तीन दिवस सलग पायांवर.

दिल्लीने यात आपली भर घातली आहे. नोव्हेंबरात हवा बिघडली की आपणच सांगतो, सकाळचे फिरणे बंद करा, घरातल्या घरात चाला. रुग्ण आज्ञाधारक असतो. तो हॉलमधून गॅलरीत आणि गॅलरीतून हॉलमध्ये अर्धा तास फेऱ्या मारतो, अनवाणी. जानेवारीत रॉडच्या हीटरसमोर पाय शेकत बसतो आणि पोळलेले त्याला कळत नाही. जूनमध्ये गच्चीवर वाळवण उचलायला दोन मिनिटे जातो. नोएडातल्या विसाव्या मजल्यावर काय किंवा लिफ्ट नसलेल्या डीडीए फ्लॅटमध्ये काय, या सगळ्या गोष्टी उंबरठ्याच्या आतच घडतात.

आयटीओजवळ विष्णु दिगंबर मार्गावर, म्हणजे कुरुंदवाडच्या पलुस्करांचे नाव असलेल्या रस्त्यावर, दिव्यांगांसाठीच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय संस्थेत फिजिओथेरपी आणि कृत्रिम अवयवांचे शास्त्र एकाच आवारात शिकवले जाते. तो शेजार आपल्या कागदावरही यावा. पहिली ओळ व्यायामाची नको, पादत्राणाची हवी: घरात पायात काय असते? उत्तर 'काही नाही' आले, तर व्यायाम पुढच्या भेटीला. दुसरा जोड घरचा म्हणून वेगळा सांगावा, उंबरठ्याबाहेर कधीच न जाणारा, म्हणजे ओट्यापाशी आणि देवघरापाशी त्याला आडकाठी येणार नाही. आणि हे रुग्णाला एकट्याला सांगून भागत नाही. घरातल्या ज्या बाईच्या हाती फरशी पुसणे आहे, तिला सांगावे लागते.

करोल बागेत ते सूनबाईंनीच मार्गी लावले. पिशवीतली चप्पल काढून तळवे पुसले आणि खाटेखाली ठेवली. बाहेरसाठी दुसरी शिवायला टाकली. पंधरवड्याने गेलो तेव्हा काका खुर्चीतून उठ-बस करत होते, पायांत चप्पल होती. मला बघून म्हणाले, "बूट काढू नका डॉक्टर, राहू द्या. आता या घरात चालतं."