वळूची परीक्षा आणि माणसाचे मौन

शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुप्रजनन हा अभ्यासाचा विषय आहे. वळूचे वीर्य कसे पारखावे, हे तेथील विद्यार्थी निःसंकोचपणे शिकतो. गोठित रेताच्या एका मात्रेत २ कोटी शुक्रजंतू असावेत, वितळल्यावर त्यांतील निदान निम्मे गतिमान राहावेत, असे शासकीय मानक आहे. ते योग्यच होय. रेत निकृष्ट निघाले तर गाईचा माज वाया जातो आणि शेतकऱ्याचे २१ दिवस फुकट जातात.

परंतु त्याच गावच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांनी राबणाऱ्या एखाद्या तरुणास नैराश्यावरील गोळी सुरू झाली, तर 'मूल हवे आहे काय?' असे त्याला कोण विचारतो? तशी चाल आपल्या वैद्यकव्यवहारात रुळलेलीच नाही.

विचारावयास कारण आहे. अमेरिकेतील डॉ. तानरिकुट, डॉ. श्लेगेल आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ निरोगी पुरुषांना पाच आठवडे पॅरॉक्सेटिन दिले होते. शुक्रजंतूंची संख्या, गती, आकार यांत फरक दिसला नाही. मात्र डीएनए तुटलेल्या शुक्रजंतूंचे सरासरी प्रमाण १३.८ टक्क्यांवरून ३०.३ टक्क्यांवर गेले. म्हणजे नेहमीची तपासणी 'सर्व ठीक' म्हणत असताना आत पडझड चालू असू शकते. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यावरून 'गोळीने वंध्यत्व येते' असा डांगोरा पिटणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गोळी परस्पर बंद करणे तर घातकच, कारण उपचाराविना राहिलेले नैराश्य कामेच्छाच नव्हे, प्राणही हिरावून घेते. शुक्रजंतू घडण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तेवढा अवधी हाती धरून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध बदलता येते, मात्रा ठरविता येते. पण त्यासाठी आधी सांगावे तर लागेल!

आणि सांगणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराचे ज्ञात दुष्परिणाम रुग्णास समजेल अशा भाषेत कळविणे हा त्याचा हक्क मानला आहे. औषधाच्या खोक्यातील बारीक इंग्रजी अक्षरांच्या कागदाने तो हक्क पुरा होतो काय?

पुरुषाच्या प्रजननशक्तीबद्दल राज्यसंस्थेला एकदा विलक्षण आस्था वाटली होती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या. शक्ती खुडायची होती तेव्हा शिबिरे भरली, उद्दिष्टे वाटली गेली. ती जपावयाची म्हटले की शासन सोवळे होते.

या मौनाची किंमत मोजते ती स्त्री. मूल न होण्याच्या प्रकरणांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो. तरीही गर्भाशयाच्या तपासण्या, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, नवससायास आणि अखेरीस सवतीची धमकी हे सारे तिच्याच वाट्याला. नवऱ्याची वीर्यतपासणी त्या मानाने स्वस्त, तिला ना भूल लागते ना टाका. ती आधी झाली पाहिजे. आणि तो कोणती गोळी घेतो, हे त्याच वेळी, त्याला ओशाळे न करता, विचारले गेले पाहिजे.