दानाची दौड आणि कॅमेऱ्याची नजर

समाजकार्यासाठी निधी उभारण्याच्या हेतूने धावण्याची प्रथा आता महाराष्ट्रात चांगलीच रुजली आहे. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिची पूर्ण शर्यत ४२.१९५ किलोमीटरची, परंतु तिच्यासोबत सुमारे ६ किलोमीटरची ‘ड्रीम रन’ही असते. तिच्यात वेळेशी स्पर्धा नसते. कोणी कर्करुग्णांसाठी, कोणी अंध विद्यार्थ्यांसाठी, कोणी एखाद्या शाळेसाठी फलक हाती घेऊन धावतो, चालतो आणि आपल्या परिचितांकडून देणग्या गोळा करतो. हे लोण आता जिल्ह्याच्या ठिकाणीही पोहोचले आहे. आपल्या संस्थेचे माजी विद्यार्थीही वसतिगृहाच्या निधीसाठी धावतात, ही आम्हांला समाधानाची गोष्ट वाटते. या उपक्रमाच्या एकाच अंगाविषयी, म्हणजे तेथे काढल्या जाणाऱ्या छायाचित्रांविषयी, आम्हांला येथे काही मांडावयाचे आहे.

धावणाऱ्याचे छायाचित्र घेणे दिसते तितके सोपे नाही. माणूस धावतो तेव्हा प्रत्येक पावलागणिक एक क्षण असा येतो, की त्याचे दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. चालणे आणि धावणे यांतील फरक हाच; पण तो क्षण नुसत्या डोळ्यांना पकडता येत नाही. १८७८ साली एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी अधांतरी असतात हे दाखवून दिले. पुढे १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ७८१ चित्रफलकांच्या संग्रहात धावणारी माणसेही आहेत. आजचा छायाचित्रकार शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या किंवा हजाराव्या भागावर ठेवून तोच क्षण टिपतो. कधी तो वेग मुद्दाम कमी ठेवतो आणि कॅमेरा धावणाऱ्याच्या गतीने फिरवत नेतो. मग मागचा रस्ता पुसट होतो आणि माणूस तेवढा स्पष्ट उरतो. जानेवारीत मुंबईचा सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. त्यापूर्वीच्या अपुऱ्या प्रकाशात, वळणावर गुडघे टेकून, धावणाऱ्याचा चेहरा आणि छातीवरचा क्रमांक दोन्ही दिसतील अशी जागा धरून बसावे लागते. त्या क्रमांकावरूनच हजारो चित्रांमधून प्रत्येकाला पुढे आपले चित्र सापडते. या कष्टांविषयी आम्हांला आदर आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी ही कला आत्मसात केली आहे, याचा अभिमानही आहे.

मात्र अशा दौडीत दोन प्रकारची छायाचित्रे निघतात, आणि त्यांतील अंतर सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पहिले छायाचित्र धावणाऱ्याचे. त्याला नाव असते, क्रमांक असतो, त्याने घेतलेल्या वेळेची नोंद असते. तो घामाघूम झालेला असला तरी चित्रात ताठ असतो, कारण तेथे तो काहीतरी करीत असतो. दुसरे छायाचित्र असते ज्यांच्यासाठी धावायचे त्या मुलांचे. सकाळी लवकर उठवून आणलेली, एकसारखे सदरे घातलेली मुले व्यासपीठाच्या कडेला उभी केली जातात. हाती फलक किंवा भेटवस्तूची पिशवी, मागे देणगीदारांची रांग, आणि चित्राखाली दोनच शब्द : ‘लाभार्थी विद्यार्थी’. धावणारा आपले चित्र शोधून घरी नेतो, भिंतीवर लावतो. त्या मुलाला मात्र आपले चित्र कोठे छापले, कोणी पाहिले, त्याखाली काय लिहिले, याची गंधवार्ताही नसते. एकाच सकाळी, एकाच कॅमेऱ्याने, एकाला कर्ता आणि दुसऱ्याला निमित्त ठरविलेले असते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते आणि ते टाकाऊ नाही. लोकांचे मन द्रवल्याशिवाय हात खिशाकडे जात नाही. मुलांचे चेहरे दाखविले नाहीत तर वसतिगृहाचे धान्य कोठून यायचे? संस्था चालविणाऱ्यांना महिनाअखेरीस काय सोसावे लागते याची जाण असणारा कोणीही हा प्रश्न हसण्यावारी नेणार नाही. देणगी दिल्याचे चित्र पाहून आणखी दहा जण देतात, हेही खरे आहे. प्रश्न एवढाच आहे की, चेहरा दाखविण्यासाठी तो केविलवाणाच दाखवावा लागतो काय?

समाजकार्यासाठी धावण्याच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रे याचे उत्तर देतात. टेरी फॉक्स या कॅनेडियन तरुणाचा उजवा पाय कर्करोगामुळे १९७७ साली गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी, कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमविण्याकरिता, तो कृत्रिम पायाने कॅनडा ओलांडण्यास निघाला. दररोज जवळपास एका मॅरेथॉनचे अंतर कापत १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. रोग फुप्फुसांत पसरल्याने १ सप्टेंबरला त्याला थांबावे लागले आणि पुढील वर्षी जूनमध्ये तो गेला. प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर हे त्याचे मागणे त्याच्या हयातीतच पूर्ण झाले. त्याची छायाचित्रे पाहा. कृत्रिम पाय त्यांत लपविलेला नाही. पण चित्र त्या पायाचे नाही, धावण्याचे आहे. जो रुग्ण होता तोच धावपटू होता; मागणारा आणि कर्ता एकच होता. पाहणाऱ्याला त्याची कीव आली नाही, त्याच्याबरोबर चार पावले चालावेसे वाटले, आणि पैसा त्यातूनच उभा राहिला.

दुसरे उदाहरण निधीच्या दौडीचे नसले तरी क्रमांकाचा अर्थ सांगणारे आहे. १९ एप्रिल १९६७ रोजी बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्विट्झर ही वीस वर्षांची विद्यार्थिनी २६१ क्रमांक लावून धावत होती. त्या काळी ती शर्यत पुरुषांचीच मानली जाई. एक अधिकारी तिच्या अंगावर धावून गेला आणि तिचा क्रमांक हिसकावून घेऊ लागला. वार्ताहरांच्या वाहनातील छायाचित्रकारांनी तो क्षण टिपला. ती चित्रे जगभर गेली. स्विट्झरने शर्यत पूर्ण केली आणि १९७२ पासून त्या शर्यतीत स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळाला. कागदाच्या एका तुकड्यासाठी एवढी झटापट का झाली? कारण तो क्रमांक म्हणजे ‘मीही यांतली एक आहे’ असा दाखला होता. क्रमांक असणारा शर्यतीत मोजला जातो. आपली मुले रस्त्याच्या कडेला उभी राहतात तेव्हा त्यांच्या छातीवर तो नसतो, ही बाब म्हणूनच आम्हांला क्षुल्लक वाटत नाही.

दान कसे द्यावे याविषयी धम्माचे मार्गदर्शन स्पष्ट आहे. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात सत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणे सांगितली आहेत : ते श्रद्धेने दिलेले असते, आदरपूर्वक दिलेले असते, योग्य वेळी दिलेले असते, मोकळ्या मनाने दिलेले असते, आणि देताना स्वतःला वा दुसऱ्याला दुखावलेले नसते. यांतील दुसरे आणि पाचवे लक्षण छायाचित्रकारानेही मनाशी धरावे. आदर म्हणजे समोरच्याला आपल्या पातळीवर पाहणे. लहान मुलाचे चित्र घेताना तर त्यासाठी अक्षरशः खाली बसावे लागते. आणि दुखावणे केवळ शब्दांनी होत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्या गावातील कोणाच्या तरी मोबाइलवर आपलेच ‘गरीब विद्यार्थिनी’ असे चित्र दिसते, तेव्हा मिळालेल्या वह्यांचे मोल तिच्या लेखी काय उरत असेल?

आपल्या समाजाला चित्राचे सामर्थ्य कोणी शिकविण्याची गरज नाही. घराघरांतील बाबासाहेबांच्या तसबिरीत ते बहुधा सुटाबुटात आहेत; खिशाला पेन आहे किंवा हाती ग्रंथ आहे, नजर सरळ आहे. ज्यांना शतकानुशतके दीनवाणे पाहण्याची जगाला सवय होती, त्यांनी स्वतःसाठी निवडलेली ही प्रतिमा आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले, ते मुलांनी शिकून स्वाभिमानाने उभे राहावे म्हणून. त्याच परंपरेतील वसतिगृहासाठी निधी मागताना त्या स्वाभिमानालाच बाजूला ठेवणे कसे चालेल? आपले माजी विद्यार्थी धावतात ते कोणावर उपकार करण्यासाठी नव्हे. ज्या ताटात आपण जेवलो त्यात धाकट्या भावंडांनाही अन्न मिळावे, यासाठी ते धावतात. हे नाते चित्रात उमटले पाहिजे.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या वैयक्तिक माहितीचा वापर करण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. चेहरा जुळवून छायाचित्र शोधून देणारी साधने आता दौडींमध्ये सर्रास वापरली जातात. मुलाचा चेहरा एकदा त्या साठ्यात गेला, की तो पुढे कोठे जाईल हे शाळेच्या हाती राहत नाही. प्रवेशाच्या वेळी घाईने घेतलेली सही म्हणजे अशा वापराला दिलेली संमती, असे कोणी समजू नये.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. संस्थेसाठी होणाऱ्या दौडीत ज्या मुलांना धावण्याची इच्छा आहे, त्यांनाही क्रमांक द्यावा. अंतर एक किलोमीटरचे असले तरी हरकत नाही. ज्यांना धावायचे नाही, त्यांना केवळ चित्रासाठी उभे करू नये. पालकांना आधी विचारावे आणि मुलाने नकार दिल्यास कारण न विचारता तो मानावा. भेटवस्तू देतानाची छायाचित्रे घेऊ नयेत. धनादेश कार्यालयातही स्वीकारता येतो. दमून कोसळलेल्या, उलटी होणाऱ्या धावपटूचे चित्र घेण्याऐवजी त्याला हात द्यावा. सर्वांत शेवटी येणाऱ्याची वाट छायाचित्रकाराने पाहावी, कारण तोही तेवढाच धावलेला असतो. पाणी देणारे स्वयंसेवक आणि दौड संपल्यावर रस्ता झाडणारे कामगार यांचीही चित्रे, त्यांना विचारून, घ्यावीत. शेवटची सूचना आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक मुलाला त्याच्या चित्राची छापील प्रत द्यावी. मागे तारीख, त्याचे नाव आणि त्याने कापलेले अंतर लिहावे. एक प्रत संस्थेच्या संग्रहातही ठेवावी.

अशा चित्रांनी देणग्या घटतील, ही भीती आम्हांला पटत नाही. धावणाऱ्या मुलाचे चित्र पाहून देणारा माणूस त्याच्या पुढच्या वाटचालीसाठी देतो आणि म्हणून पुन्हा देतो. समजा, काही थोडे घटलेच, तर ती तूट भरून काढण्याइतके माजी विद्यार्थी आज या संस्थेने घडविले आहेत. त्यांतील ज्यांच्या हाती कॅमेरा आहे, त्यांनी पुढील दौडीच्या सकाळी मुलांच्या रांगेकडे जाताना एकदा थांबून त्यांची नावे विचारावीत आणि मगच चित्र घ्यावे, एवढीच आमची त्यांना विनंती आहे.