सर्पगंधेचे मूळ

कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या ओलसर, सावलीच्या रानात गुडघाभर उंचीचे एक झुडूप आढळते. पेरापेराला बहुधा तीन-तीन पाने, तांबूस देठांवर पांढरी फुले, पुढे काळसर जांभळी फळे. तेच सर्पगंधा, कोकणात त्याला अडकई म्हणतात. वाटसरूचे लक्षही जाणार नाही असे हे झुडूप. परंतु त्याच्या मुळाने अर्ध्या जगाचा रक्तदाब उतरविला आहे.

निद्रानाश आणि उन्माद यांवर हे मूळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिले जात असे. बिहारात तर त्याचे नावच 'पागल की दवा' असे पडले. सर्पदंशावरही ते देत. मात्र विष उतरविण्याचे सामर्थ्य त्यात नाही, आणि आज त्याच्या भरवशावर रुग्णालय टाळणे म्हणजे जिवाशी खेळ होय. 1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाबावरील या मुळाचे गुण शास्त्रीय नियतकालिकातून मांडले. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी त्यातील द्रव्ये वेगळी केली. एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' हे नाव दिले. जगाने मात्र मान वळवली ती 1949 साली. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा. पुढे तीनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने 'रेसर्पिन' वेगळे केले आणि गोळ्यांचा बाजार उभा राहिला. वनस्पतीचे शास्त्रीय नाव म्हणाल, तर ते राउवोल्फ या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्याचे. त्याने हिंदुस्थानच्या भूमीवर कधी पाऊलही ठेवले नव्हते!

यावर परकीयांच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. हळदीचे अमेरिकन पेटंट 1997 साली आपण रद्द करविले, त्याचा अभिमानही रास्तच आहे. पण सर्पगंधेचे दुखणे निराळे आहे. तिचे पान वा फळ नव्हे, मूळ औषधी. म्हणजे दर तोडणीला झुडूपच मरते. बियांची उगवणही कमी. निर्यातीचा हव्यास इतका वाढला की 1990 साली या वनस्पतीला आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालावे लागले. परदेशी कंपन्या आफ्रिकेतल्या तिच्या भाऊबंदाकडे वळल्या. आज रेसर्पिनही मागे पडले आहे. मनाला खिन्नता आणणारा त्याचा दोष डॉक्टरांना पुरता ठाऊक झाला. तरी रानातले खणणे थांबलेले नाही. ही मुळे आता स्वदेशी घनवटीसाठी उपटली जातात, आणि उपटणारे हातही आपलेच आहेत.

जैवविविधता कायदा 2002 साली झाला, तो ज्यांच्या रानातून आणि ज्यांच्या ज्ञानातून औषध येते त्यांना वाटा मिळावा म्हणून. 2023 च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना त्या वाट्याच्या बंधनातून मोकळे केले. वैद्यांची कागदपत्रांच्या जाचातून सुटका झाली, हे चांगलेच. मात्र कारखानदाराला वैद्यबुवांच्या रांगेत बसविण्याचे कारण आम्हांस उमगत नाही. ज्ञान ग्रंथात असेल. मूळ रानातूनच येते, आणि ते दाखवून देणारा वनवासी कोणत्याही ग्रंथात नाही.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ 2000 सालापासून लागवडीला उत्तेजन देत आहे. परंतु किमान दीड वर्ष जमीन अडवून मूळ पोसणाऱ्या शेतकऱ्याने फुकट उपटलेल्या रानमुळाशी भावात टक्कर द्यावी कशी? घनवटीच्या प्रत्येक डबीवर मूळ शेतातले की रानातले हे छापणे सक्तीचे करावे, आणि रानातले असेल तर त्या गावच्या ग्रामसभेचा वाटा कारखानदाराने आधी चुकता करावा. आयुष मंत्रालयाला एवढे करणे अवघड नाही.