मुदतवाढीपेक्षा मोजमाप बरं

शिरूर अनंतपाळ तालुक्यात खरीप म्हटलं की सोयाबीन. शेतकरी बांधावर उभा राहून ई-पीक पाहणीच्या, म्हणजे शेतातल्या पिकाची नोंद करण्याच्या सरकारी ॲपमध्ये गट नंबर टाकतो, पिकाचा फोटो काढतो, आणि शेवटची तारीख जवळ आली की पडद्यावरचं चाक नुसतं फिरत राहतं. 15 ऑगस्ट 2021 पासून ही नोंदणी राज्यभर सुरू झाली. सर्व्हरची रड आणि मुदतवाढ आता अंगवळणी पडली आहे.

गर्दी कधी होणार हे आधीच ठाऊक असताना यंत्रणा गडबडते, हे पटत नाही.

अशा ॲपमागच्या सेवा कुबरनेटीज या कंटेनर (प्रोग्रामचे स्वतंत्र डबे) सांभाळणाऱ्या प्रणालीवर चालवता येतात; गूगलने 2014 मध्ये ही प्रणाली खुली केली. तिथे प्रत्येक कंटेनरला सीपीयू आणि मेमरी किमान किती हवी, कमाल किती, हे लिहून देता येतं. हे आकडे अनेकदा अंदाजपंचे असतात. मेमरीची मर्यादा ओलांडली की कंटेनर बंद पाडला जातो. सीपीयूची मर्यादा गाठली तर काम रखडतं.

म्हणून आधी वापर मोजणारा मेट्रिक्स सर्व्हर बसवावा, मग पॉडचे (कंटेनरच्या गटाचे) सीपीयू-मेमरीचे आकडे ठरवणारा व्हर्टिकल पॉड ऑटोस्केलर, तोही सुरुवातीला ‘ऑफ’ ठेवून. तेव्हा तो कशालाच हात लावत नाही. प्रत्यक्ष वापर पाहून फक्त शिफारस देतो. (फुकटचा सल्ला, पण कामाचा!) गर्दीनुसार पॉडची संख्या वाढवणारा हॉरिझॉन्टल ऑटोस्केलर वेगळा, दोघांना सीपीयूच्या एकाच आकड्यावर जुंपू नये.

शासनाने अशा ॲपच्या कंत्राटातच हे मोजमाप आणि पेरणीआधीची भारचाचणी सक्तीची करावी.