शकुंतला गेली, जागा तरी वाचवा

परवा अंजनगावच्या स्टेशनावर जाऊन आलो. रुळांत गवत, फलाटावर बाभळी. लहानपणी मामाच्या गावाला जायचं म्हणजे शकुंतलाच. दोन-चार रुपयांत अख्खं घर जायचं, वर कोंबड्या-पोती वेगळी!

नव्या पोरांसाठी थोडा इतिहास. मूर्तिजापूर-अचलपूर ७६ किलोमीटर, मूर्तिजापूर-यवतमाळ ११३. हा नॅरोगेज मार्ग इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी नाही, कापसासाठी टाकला. वऱ्हाडचा कापूस मुंबईला, तिथून जहाजानं मँचेस्टरला. गंमत बघा, गाडी ओढणारं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं. ते १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं.

खरी मेख मालकीत आहे. देशभरच्या रेल्वे सरकारी झाल्या, पण हा मार्ग किलिक निक्सन या खाजगी कंपनीकडेच राहिला. गाडी चालवायची रेल्वेनं, रूळ कंपनीचे. भाड्याच्या घरासारखी गत झाली. भाडेकरू म्हणतो घर माझं नाही, मालक म्हणतो राहतो तू. मग कौलं कोण शाकारणार? रूळ झिजले, वेग घटला, माणसं एसटीकडे, काळीपिवळीकडे वळली. शेवटी 'प्रवासी नाहीत' म्हणायला सगळे मोकळे!

२०१६ मध्ये ब्रॉडगेजची घोषणा झाली. आपण फटाके फोडले. आज गाडी बंद, रूळ तसेच.

'शकुंतला पुन्हा सुरू करा' एवढंच ओरडून भागणार नाही, असं माझं मत आहे. जुनी गाडी ताशी वीसच्या वेगानं परत आली तरी कॉलेजची पोरं त्यात बसणार नाहीत. ब्रॉडगेजच पाहिजे. पण तोवर ही सलग पट्टी वाचली पाहिजे. एकदा तिच्यावर टपऱ्या, गोठे, प्लॉट उभे राहिले की उद्या भूसंपादनात आपल्याच शेतकऱ्याची जमीन जाईल, आणि टपरीवाल्या गरिबाचं पोटही.

म्हणून तीन गोष्टी मागू या. मालकीचा घोळ मिटवा. मोजणी करून हद्दीचे दगड लावा. आणि स्टेशनच्या इमारती पडण्याआधी दुरुस्त करून गावाला वाचनालयासाठी वापरायला द्या.

येत्या ग्रामसभेत ठराव घ्या, मार्गावरच्या प्रत्येक गावानं. एका गावाचा कागद फायलीत हरवतो, पन्नास गावांचा नाही हरवत.

आणि हो, कुणाकडे जुनं तिकीट, फोटो असेल तर खाली टाका. लेकरांना दाखवू, आपल्याकडेही गाडी होती म्हणून.